बर्फ झाडणारी सून

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला कधी नीट कळलं नाही. अक्षर तर असं की मागच्या महिन्याची किराण्याची चिठ्ठी माझी मलाच लागत नाही. कोणी हे उघडून वाचलंच तर सांभाळून घ्यावं. बहादरपूरच्या शाळेत मी चौथीपर्यंत मराठी शिकले. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले तेव्हापासून पाट्या हिंदी, पेपर हिंदी, बँकेचे कागद हिंदी, त्यामुळे मराठी लिहिताना मधेच हिंदी शिरतं. मला बोलायला जमत नाही. घरात चार बायका आल्या की मी पाणी आणायला उठते आणि स्वयंपाकघरातच राहते. म्हणून लिहिते आहे, दुपारी, हे झोपतात तेव्हा.

हे माझ्या सुनेबद्दल आहे. ती अमेरिकेची, तिकडचीच, गोरी. आम्हाला एकच मुलगा. तो तिकडे मिनेसोटा नावाच्या राज्यात नोकरीला होता. तिथे एवढी थंडी की तळी गोठतात आणि लोक तळ्यावरून गाड्या नेतात. एक दिवस त्याने फोनवर सांगितलं की मी लग्न ठरवलं आहे. ह्यांनी विचारलं, "मुलगी काय करते?"

"दातांच्या दवाखान्यात समोर बसते, नावं लिहून घेते. पण ते पोटापुरतं. ती खेळाडू आहे."

"कशाची?"

तो म्हणाला, "कर्लिंग. बर्फावर दगड सरकवतात."

हे तहसील कार्यालयात हेडक्लार्क होते. त्यांना प्रत्येक गोष्टीला फॉर्मवरचा खाना लागतो. दगड सरकवणं कुठल्या खान्यात बसवावं ते त्यांना कळलं नाही.

नंतर मुलाने फोनवर चित्र पाठवलं. बर्फाची लांब गल्ली, आणि तिच्या टोकाला रंगवलेले गोलात गोल. त्या गोलांना ते घर म्हणतात. जात्याच्या पाळीएवढा घोटीव दगड, वर किटलीची असते तशी मूठ. तो दगड वाकून, एक पाय मागे ओढत, बर्फावरून सोडायचा. तो घराच्या मधोमध जाऊन थांबला पाहिजे. एकेका संघात चौघीजणी. एक दगड सोडते आणि दोघी हातात लांब दांड्याचे ब्रश घेऊन दगडाच्या पुढे पुढे बर्फ घासत पळतात. घासलं की दगड लांब जातो आणि सरळ जातो. दगडाला ब्रश लागू द्यायचा नाही. माझी सून पहिले दोन दगड टाकायची आणि मग बाकीच्यांच्या दगडांपुढे झाडायची. तेच तिचं काम. शेवटचा दगड, ज्याच्यावर टाळ्या पडतात, तो तिने कधी टाकला नाही.

मोठ्या जाऊबाई शेजारच्याच घरात राहतात. मधली भिंत एकच. त्यांनी ते चित्र पाहिलं.

"काय वं, झाडू मारून राहिली का ही?"

"खेळ आहे बाई तो."

"आपण झाडायला सून आणतो. तुझी तिकडेच झाडते. मग तुझ्या घरात काय करीन ती?"

मी हसले. त्याही हसल्या. पण शनवाऱ्याच्या बाजारापर्यंत ती गोष्ट गेली. भाजीवालीनेसुद्धा विचारलं, "मावशी, तुमची बहू तिकडे सफाईचं काम करते म्हणे, पगार चांगला असेल ना?" मी हो म्हटलं आणि मेथी घेतली.

लग्न तिकडेच झालं. त्या डिसेंबरात दोघं इकडे आले. पाहुण्यांना जेवण दिलं, मावा जिलबी ठेवली. सुनेसाठी मी लग्नाआधीपासून पाटल्या करून ठेवल्या होत्या. म्हणजे माझ्या मुलाचं लग्न ठरायच्या कितीतरी आधी, तो शाळेत होता तेव्हापासून थोडं थोडं सोनं घालून. पाटल्या सुनेच्या हातात सासूनेच चढवायच्या असतात. मी तिला पाटावर बसवलं. तिचे हात माझ्या हातांच्या दुप्पट रुंद. दगड उचलून, ब्रश दाबून तिची मनगटं आणि अंगठ्यामागचा भाग असा भरला होता की पाटली बोटांवरून पुढे सरकेना. जाऊबाईंनी साबण आणला. तेल आणलं. हात लाल झाला. ती दात आवळून बसून राहिली. शेवटी मुलगाच म्हणाला, "आई, राहू दे."

जाऊबाई म्हणाल्या, "पहिलवान आणली बाप्पा."

मी पाटल्या तिच्या ओंजळीत ठेवल्या आणि मग पुन्हा बँकेच्या लॉकरात ठेवून आले. तिच्याच त्या. ठेवायला माझ्याकडे.

तीन आठवडे ती इथे होती. सकाळी मी उठायच्या आत ती पुढच्या खोलीत असायची. फरशी मोझॅकची, जुनी, घासून गुळगुळीत झालेली. ती मोजे घालून एक पाय मागे सोडून त्या फरशीवर सरकायची, खिडकीपासून दारापर्यंत. पुन्हा माघारी यायची, पुन्हा सरकायची. हे पेपर घेऊन खुर्चीत बसायचे आणि ती आली की पाय वर घ्यायचे. त्यांनी तिला कधी थांबवलं नाही. एकदा मला म्हणाले, "फरशी चमकून राहिली आहे."

आमच्या घरात सगळ्यांचं झालं की मी जेवते. माझ्या आईचंही तसंच होतं. कोणी ठरवलेलं नाही, पण तसंच आहे. ती आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिने मुलाला काहीतरी विचारलं, त्याच्याकडून दोन शब्द घोकून घेतले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, जेवली का?" मुलगा मला तू म्हणतो, म्हणून तीही तू म्हणायला शिकली. जाऊबाईंना ते आवडलं नाही, सासूला तू म्हणते. मला हे विचारणारं घरात कोणी नव्हतं. मी मान हलवली, म्हणजे नाही. ती माझ्याजवळ खाली बसली, आधीच जेवलेली होती तरी, आणि मी जेवेपर्यंत बसून राहिली. तेव्हा मला तिच्याशी काय बोलावं ते सुचलं नाही. अजून सुचत नाही.

ती गेल्यावर आम्ही तिचे सामने बघायला लागलो. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इथे सकाळ. नळ यायची वेळ. हे फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि मी भाकरी थापता थापता बघायची. मुलगा सांगायचा ते मला आता पाठ आहे. ती लहानपणापासून खेळत होती. तिच्या गावात बर्फाचं एक मोठं शेड आहे, तिथे तिच्या आजोबांनी तिला नेलं होतं. शाळेच्या मुलींमध्ये ती राज्यात जिंकली. मग बायकांच्या संघात आली. देशाच्या स्पर्धेत तिचा संघ दोनदा तिसरा आला. त्या खेळात पैसा नाही. बक्षीस मिळतं ते चौघींच्या मोटारीच्या पेट्रोलला जातं. बर्फाचं भाडं, मुक्काम, ब्रशची टोकं, सगळं आपल्याच पगारातून. सुट्टी संपली की बिनपगारी. तरी खेळतात.

ते बघून हे एकदा म्हणाले, "मग मिळतं काय?"

मी म्हटलं, "दगड घरात जातो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विनोद केला नव्हता.

दिवाळीला लक्ष्मीपूजनात आम्ही नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू लावतो. मुलाने तिला हे सांगितलं असेल. त्या वर्षी संध्याकाळी फोन आला, तर पडद्यावर तिचा तो लांब दांड्याचा ब्रश भिंतीला टेकवून ठेवलेला, त्याला कुंकवाचं बोट लावलेलं आणि समोर एक मेणबत्ती. मी जाऊबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "कुंकू कुठून आणलं वं हिने?" ती इथे आली होती तेव्हा मीच तिला एक पुडकं दिलं होतं. त्यानंतर झाडूवरून त्या कधी काही बोलल्या नाहीत.

मग ते निवडीचं वर्ष आलं. देशाचा संघ निवडायचे सामने होते, चार वर्षांतून एकदा होतात ते. त्यात जिंकलं तर जगात सगळ्यांपुढे खेळायला मिळतं. त्यासाठी तिने दवाखान्यातलं काम अर्धं केलं. त्याच हिवाळ्यात मुलाची नोकरी गेली. त्याने आम्हाला सांगितलं नाही, पण तिकडच्या कामाच्या वेळी फोन उचलायला लागला तेव्हा ह्यांनी ओळखलं. खोदून विचारल्यावर म्हणाला, "बाबा, मिळेल दुसरी. पण ही संघ सोडायचं म्हणते. हिच्या वाट्याचे पैसे भरायचे आहेत, आणि आमच्याकडे नाहीत."

मी फोन ठेवल्यावर ह्यांना म्हटलं, "पाटल्या आहेत ना."

"त्या सुनेच्या."

"तिच्याचसाठी."

हे स्कूटर काढून माझ्याबरोबर आले. सराफ आमच्या ओळखीचा, त्याच्या वडिलांनीच त्या घडवल्या होत्या. त्याने पाटल्या काट्यावर टाकल्या, मशीनवर धरल्या, घडाई कापली. म्हणाला, "काकू, नव्या करायच्या का? आजकालच्या मुलींना हलक्या लागतात."

"नाही, रोख."

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे रस्त्याकडे बघत होते. पैसे घेताना मला काही झालं नाही. वाटलं होतं की होईल. परत येताना आम्ही केळी घेतली.

पैसे पोचले त्या दिवशी तिचा फोन आला. मुलगा शेजारी बसलेला. ती बोलत होती आणि तो मराठीत सांगत होता. "आई, ती म्हणते, हे मी उसने घेते आहे. सगळे परत करीन."

"तिला सांग, उसने काय? पाटल्या तुझ्याच होत्या."

त्याने सांगितलं. तिने मान हलवली, नाही अशी. मग स्वतःच मराठीत म्हणाली, "परत. सगळे."

मला वाटलं, हे म्हणायचं म्हणून म्हणतात. जाऊबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा बदलला.

"सासूचे पैसे सून परत करीन? हे कोणतं वं? परत तर परक्याले करतात."

"त्यांच्यात तसं असेल."

"त्यांच्यात असो. तू घेऊ नको. घेतले की हिशोब झाला. हिशोब झाला की माणूस मोकळं."

मी तेव्हा एवढा विचार केला नाही.

निवडीच्या सामन्यांचा तो एक सामना मला नीट आठवतो. हरलं की बाहेर, असा होता. माझे हात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठात होते. आमच्या संघाचा दगड येत होता, चांगला, घराकडे. सून आणि दुसरी मुलगी त्याच्या पुढे झाडत पळत होत्या. एवढ्यात सून थांबली. हात वर केला. दगड अजून चालत होता, आणि तिने आपल्या पायाने तो अडवून बाजूला काढला.

हे म्हणाले, "हे काय केलं?"

पडद्यावर खाली इंग्रजीत काही आलं. आम्हाला कळलं नाही. तो दगड गेला आणि त्याच्या जागी पुढे दुसऱ्या संघाचा जाऊन बसला. तासाभरात सामना हरलो. सगळ्याजणींनी एकमेकींशी हात मिळवले. सून हसत होती. तिचं तोंड हसत होतं, एवढंच. खेळात अशी रीत आहे की सामना झाला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला द्यायचं, एका टेबलावर बसायचं. ते आम्हाला दिसलं नाही. फोन बंद झाला होता.

दुपारी मुलाने सांगितलं. तिच्या ब्रशचा दगडाला स्पर्श झाला होता. तिने स्वतःच सांगितलं.

हे फोनवर जवळजवळ ओरडले. "कोणी पाहिलं होतं का?"

"नाही बाबा. कोणीच नाही."

"मग?"

"खेळच तसा आहे. आपली चूक आपण सांगायची. पंच नाही बघत."

"मग पंच कशाला ठेवला आहे? पगार घ्यायला?"

मुलगा हसला. हे हसले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "केसभर लागला असेल. केसभर." मी भाकरी वाढली.

जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे पाटल्या बर्फात गेल्या."

"बाजारात गेल्या बाई. बर्फात ती गेली होती."

पुढच्या हिवाळ्यात तिच्या संघाने तिच्या जागी एक लहान मुलगी घेतली. तिकडे तसंच करतात म्हणे. संघाची जी पुढारीण असते, ती फोन करते आणि सांगते. तिने सुनेला दवाखान्यात काम चालू असताना फोन केला. सुनेने हो ठीक आहे म्हटलं आणि पुढच्या पेशंटचं नाव लिहून घेतलं. हे मुलाने सांगितलं. ती मग गावातल्याच दुसऱ्या एका संघात खेळली, पण तो कुठे जिंकण्यातला नव्हता. गुडघा दुखायला लागला. मोठ्या स्पर्धा संपल्या. तरी शेडमध्ये जायची, शनिवारी मुलांना शिकवायची.

त्याच सुमारास माझ्या खात्यात पहिल्यांदा पैसे आले. हे बँकेत गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं. थोडेच होते. आणि त्याच दिवशी तिचा आवाज आला फोनवर, बोलून पाठवतात तसा. "आई, पैसे पाठवला. जेवली का?" मराठी तिचं एवढंच. तेवढ्यात सगळं यायचं.

मी मुलाला म्हटलं, थांबव तिला. तो म्हणाला, "आई, ती ऐकत नाही. तिला झोप लागत नाही म्हणते." मग दर महिन्याला ते यायला लागले. कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी. आणि दर महिन्याला तो आवाज. मी उत्तर पाठवायला शिकले. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. खोलीत कोणी नसेल तेव्हा मी बोलायची. "हो, जेवले. वांगी केली होती. तुझा पाय कसा आहे?" तिला किती कळायचं कोण जाणे. पुढे तिने फोनमध्ये काहीतरी घेतलं, त्यात माझं बोलणं इंग्रजीत लिहून यायचं. मग ती जास्त बोलायला लागली. तिचं इंग्रजी मराठीत होऊन यायचं. कधी कधी एवढं शुद्ध यायचं की मी ह्यांना दाखवून विचारायची, ह्याचा अर्थ काय.

मग मुलाला दुसरी नोकरी लागली, टेक्ससमध्ये. तिकडे बर्फ नाही. तो गेला. ती नाही गेली. आधी म्हणाले, तात्पुरतं आहे. मग वर्ष गेलं. एक दिवस त्याने सांगितलं की आम्ही कागदाने वेगळे होतो आहोत.

मी कारण विचारलं. तो म्हणाला, "ती बर्फ सोडत नाही."

तिने पाठवलं होतं, "तो मला विचारून गेला नाही."

दोन्ही खरं असेल. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही, आम्हाला तरी काही ऐकू आलं नाही. ह्यांनी टीव्ही लावला. मी डाळ निवडली. तेव्हा रडायला पाहिजे होतं असं जाऊबाई नंतर म्हणाल्या. मला रडू आलं नाही. दातांना सुई देतात ना, मग गाल कुणाचा दुसऱ्याचाच वाटतो, तसं झालं होतं. ते अजून पूर्ण उतरलेलं नाही.

मुलगा म्हणाला, "आई, आता तू तिच्याशी बोलत राहू नको. तिलाही अवघड होतं."

मी हो म्हटलं. पण पहिल्या तारखेनंतर पैसे आले आणि आवाजही आला. ती बोलायची थांबली नाही, मग मी कशाला थांबू? मुलाला मी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. आता नातं काही उरलं नव्हतं. ती माझी सून नव्हती. पण पैसे देणं बाकी होतं, आणि ते बाकी होतं म्हणून ती दर महिन्याला बोलत होती. ती बाकी संपली की ती कशासाठी बोलेल, हे रोज माझ्या डोक्यात यायचं. भांडी घासताना यायचं. मला दुसरं काही नको होतं. मुलाकडे जाणं नको, त्यांनी परत एक होणं नको. फक्त हे चालू राहावं.

हे हिशोबाचे पक्के. एकदा बातम्या बघताना म्हणाले, "डॉलर वाढला. तिचं लवकर फिटेल." मी तेव्हापासून डॉलर कमी व्हायची वाट बघायला लागले. कमी होत नाही तो. मी तिला बोलून पाठवलं, सावकाश दे, घाई नाही. थोडे थोडे दे. तिने पाठवलं, "नाही आई, मला आता पगार चांगला आहे." आणि पुढच्या महिन्यात जास्त पाठवले.

एक दिवस जाऊबाईंना मी सांगून टाकलं. सगळं नाही, एवढंच की आता थोडेच राहिले. त्या भिंतीपलीकडून आल्या होत्या, मिरच्या वाळत घालायला. त्या मला बोलतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "एक रुपया बाकी ठेवायला सांग."

"काय?"

"आपण आहेराच्या पाकिटावर वरचा रुपया लावतो, तो कशाले? व्यवहार मिटू नये म्हणून. तिले म्हण, सगळे दे, एक रुपया ठेव."

"तिला कसं कळेल ते?"

"तू सांगशील तर कळीन. तू कुठं कोणाले काही सांगते?"

मी दोन दिवस बटण दाबलं आणि सोडलं. एकदा दाबलं आणि काही बोललेच नाही, ते रिकामंच तिच्याकडे गेलं. तिने विचारलं, "आई? ठीक?" मग मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून बोलले. म्हटलं, शेवटचे पैसे देशील तेव्हा एक रुपया कमी दे. एकच. आमच्यात तसं करतात. एक रुपया राहिला की माणसं एकमेकांकडे येतात-जातात. पूर्ण फेडलं की संपतं. मला संपवायचं नाही. एवढं लांब मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. पाठवून झाल्यावर मी भांडी घासायला घेतली.

तिचं उत्तर लगेच आलं नाही. तिच्याकडे रात्र होती. दुसऱ्या दिवशी आलं, आधी तिचा आवाज, मग खाली मराठी. तिने लिहिलं होतं, आई, मी तुझं बोलणं पाच-सहा वेळा ऐकलं. मला समजलं, तू काय मागते आहेस. पण मी बाकी ठेवू शकत नाही. एक रुपयासुद्धा नाही. मी तशी माणूस नाही. मला माफ कर.

मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी चष्मा काढला. "केसभर," असं काहीतरी म्हणाले आणि पुन्हा घातला.

मी तिला उत्तर पाठवलं. म्हटलं, ठीक आहे. जेवून घे.

पुढच्या महिन्यात सोमवारी पैसे आले. हे बँकेत गेले आणि पासबुकात नोंद बघून आले. आल्यावर चपला काढल्या, पाणी मागितलं, आणि मग सांगितलं. सराफाने जे दिले होते ते सगळे आले होते. वर काही नाही, खाली काही नाही. पूर्ण फिटले.